रुमालाखालचा लिलाव

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीत कापसाच्या खरेदीचा विषय आहे, विम्याच्या अडकलेल्या पैशाचा आहे. त्या दोघांच्या मध्ये 'मोबाईल आणि आपली माहिती' हा विषय घातलेला पाहून सकाळीच काही जणांनी आम्हाला अडवले. म्हणाले, शहरातल्या नोकरदारांचे हे खूळ इथे कशाला? आपल्याकडे लपवण्यासारखे आहे तरी काय? जमीन सातबाऱ्यावर, कर्ज सोसायटीच्या वहीत, आणि राहिलेली भानगड साऱ्या गावाला तोंडपाठ!

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आम्ही बाजारातूनच देणार आहोत, कारण हा विषय बाजाराचाच आहे.

आज्या-पणज्यांच्या काळात कापसाचा भाव कसा ठरत असे ते आठवा. अडत्या आणि खरेदीदार समोरासमोर बसत, मध्ये एक रुमाल टाकत आणि त्या रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवत. ज्याचा माल, तो शेतकरी गाडीपाशी बैलाची वेसण धरून उभा. रुमालाखाली काय चालले आहे ते त्याला दिसत नसे. शेवटी अडत्या एक आकडा सांगे आणि शेतकरी तो ऐकून घेई. हत्ता पद्धत म्हणत तिला. ती मोडायला फार वर्षे लागली. कारंज्याची बाजारपेठ १८८६ मध्ये नियमनाखाली आली, १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. त्यामागे शेतकऱ्याचा कळवळा होता असे आम्ही म्हणणार नाही. मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला कापूस हवा होता. पुढे महाराष्ट्राचा १९६३ चा बाजार समिती कायदा आला आणि उघड लिलाव हा नियम झाला. बाजार समित्यांनी नंतर काय दिवे लावले ते तुम्हाला सांगायला नको. पण भाव चारचौघांच्या कानावर पडेल असा पुकारायचा, एवढे तरी कागदावर आले.

आता खेडा खरेदीवाला पाहा. तो दारात टेम्पो लावतो तेव्हा आधी भावाचे बोलत नाही. आधी ओट्यावर बसतो, चहा घेतो. पोरीचे लग्न कधी धरले? म्हाताऱ्याच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले का? सोसायटीची नोटीस यंदा सगळ्यांनाच आली म्हणे? कृषी केंद्राची उधारी फिटली का? एवढे झाले की मग काटा काढतो. ज्याला कळले की या घराला येत्या सोमवारपर्यंत चाळीस हजार पाहिजेत, तो क्विंटलमागे दोनशे-चारशे सहज पाडून मागतो, आणि मिळवतोही. म्हणून आपल्या घरातली शहाणी बाई चहा देते, पण लग्नाची तारीख सांगत नाही. भावांनो, 'खाजगी माहिती' या मोठ्या शब्दाचा आपल्या भाषेतला अर्थ हा एवढाच आहे. आपली नड समोरच्याला कळू न देणे.

आणि हीच नड आपण रोज रात्री स्वतःच्या बोटाने मोबाईलमध्ये लिहितो. सोने तारणाचा व्याजदर किती. पीक कर्ज थकले तर जप्ती येते काय. मूतखड्याच्या ऑपरेशनला खर्च किती. जुना ट्रॅक्टर काय भावाने जाईल. जे सख्ख्या भावाला सांगत नाही ते आपण त्या चौकटीत लिहितो, कारण वाटते की समोर कोणी नाही.

समोर कोण आहे ते आता सांगतो.

१९९४ मध्ये नेटस्केप नावाच्या अमेरिकन कंपनीत लू माँटुली नावाच्या इंजिनिअरने 'कुकी' काढली. वेबसाईटला आलेले गिऱ्हाईक लक्षात राहत नसे. एका पानावर वस्तू निवडून दुसऱ्या पानावर गेले की मागचे सारे पुसले जाई. त्यावर त्याने तोड काढली की वेबसाईटने गिऱ्हाइकाच्याच यंत्रात एक छोटी चिठ्ठी ठेवून द्यावी आणि पुढच्या वेळी तीच वाचावी. यात वाईट काही नव्हते. कृषी केंद्रवाला आपल्या नावाची वही ठेवतो तसेच हे.

भानगड पुढे झाली. समजा तालुक्याच्या गावात शंभर दुकाने आहेत. एक मुनीम प्रत्येक दुकानदाराला जाऊन म्हणाला, मला कोपऱ्यात बसू द्या, मी तुमचा हिशेब फुकट लिहीन, वर महिन्याला काही पैसेही देईन. दुकानदार कबूल झाले. आता तुम्ही सकाळी बियाण्याच्या दुकानात गेलात, तिथे मुनीम. दुपारी औषधाच्या दुकानात, तिथेही तोच. संध्याकाळी सोनाराच्या पेढीवर चढलात तर कोपऱ्यात तोच मुनीम, आणि त्याच्या मांडीवर एकच वही. बियाणेवाल्याला तुमचे सोने मोडल्याचे कळत नाही, सोनाराला तुमच्या घरातले आजारपण कळत नाही. मुनिमाला सगळे कळते. याला म्हणतात थर्ड-पार्टी कुकी, म्हणजे तिऱ्हाइताची चिठ्ठी. बाजारभाव पाहायला तुम्ही एक वेबसाईट उघडता, पण त्या एका पानात अनेक तिऱ्हाईत बसलेले असतात, आणि त्यांतले कोणी डोळ्यांना दिसत नाही. कोणी एका ठिपक्याएवढे पारदर्शक चित्र होऊन बसतो, कोणी 'लाईक'चे बटण होऊन.

२०१६ मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी दहा लाख वेबसाईटी तपासल्या. एकाहून अधिक ठिकाणी बसलेले असे तिऱ्हाईत ८१ हजारांवर सापडले. पण शंभरात एकाहून जास्त वेबसाईटींवर पोहोचलेले फक्त १२३, आणि सगळ्यांत वरचे पाचही एकट्या गूगलचे. म्हणजे खरेदीदार दिसायला हजार, पण काटा दोन-चार जणांच्याच हातात. हे चित्र आपल्याला नवीन नाही.

आता लिलावाचे ऐका. तुम्ही पानावर बोट लावता आणि पान दिसते, या मधल्या डोळ्याच्या पापणीएवढ्या वेळात त्या पानावरची जाहिरातीची जागा लिलावात निघते. खरोखरचा लिलाव, संगणकांनी संगणकांशी केलेला. पुकारा साधारण असा होतो: अमुक बनावटीचा मोबाईल, अमुक तालुक्याच्या आसपास, अमुक पान वाचतो आहे, आणि याची चिठ्ठी ओळखीची आहे, मागच्या आठवड्यात हा कर्जाच्या पानांवर होता. बोली लागते, एक जण जिंकतो, त्याची जाहिरात तुम्हाला दिसते. आपल्या मोंढ्यात ज्याची बोली हरली तो रिकाम्या हाताने जातो. इथे हरलेल्यालाही पुकाऱ्यात सांगितलेली माहिती मिळालेली असते. सगळेच वानगी घेऊन घरी जातात. रुमालाखालच्या हत्त्यात निदान शेतकरी गाडीपाशी उभा तरी असे. या लिलावात विकली जाते ती आपली नड, आणि आपण कुठे उभे आहोत हेही आपल्याला माहीत नसते.

काही जण म्हणतील, जाहिरातच तर आहे, बघितली न बघितली. बघा कोणती जाहिरात. आमच्याच एका कार्यकर्त्याच्या घरी पित्ताशयाच्या ऑपरेशनचा खर्च मोबाईलवर शोधला. पुढचे चार दिवस त्या मोबाईलवर गाणे लावा की बातमी उघडा, 'कागदपत्राविना पाच मिनिटांत कर्ज' हीच पाटी. घरात पाच लोक आणि मोबाईल एक, तेव्हा कोणत्या शोधामुळे कोणती पाटी आली हे काटेकोर सिद्ध करता येत नाही. पण नडलेला माणूस आणि कर्जवाला यांची गाठ घालून देणे हाच या धंद्याचा नफा आहे. त्या कर्जाच्या ॲपांनी काय केले ते महाराष्ट्राने पाहिले आहे. ॲप उतरवताना मोबाईलमधल्या सगळ्या नंबरांची यादी उचलायची, आणि हप्ता चुकला की व्याह्याला, मास्तरला, सासुरवाडीला फोन लावायचे. माणसे अब्रूपायी जिवानिशी गेली. त्यानंतर सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने डिजिटल कर्जाचे नियम काढले. कर्जाच्या ॲपने संपर्क यादी, कॉलची नोंद, फोटो यांना हात लावायचा नाही, कॅमेरा आणि ठिकाण लागलेच तर ओळख पटवण्यापुरते एकदा, तेही विचारून. हा नियम पाठ करा. जे ॲप कर्जासाठी तुमची नंबरांची यादी मागते ते नियम मोडते आहे, मग त्याचे व्याज कितीही गोड असो.

दुसरी गोष्ट भावाची. मालाचा भाव सगळ्यांना एकच, अशी आपली समजूत. २०१२ मध्ये अमेरिकेत ऑर्बिट्झ या प्रवासाच्या वेबसाईटबद्दल बाहेर आले की महागड्या मॅक संगणकावरून येणाऱ्या गिऱ्हाइकाला ती महाग हॉटेले आधी दाखवत होती. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या सरकारी व्यापार आयोगाने सांगितले की माणसाचे ठिकाण, त्याने काय चाळले, अगदी माऊस कुठे फिरवला यावरूनही त्या माणसापुरता भाव ठरवण्याची साधने बाजारात आहेत. त्याच महिन्यात आपल्याकडे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओला आणि उबर यांना नोटिसा दिल्या, की एकाच प्रवासाला वेगळ्या मोबाईलवर वेगळे भाडे दिसते अशा तक्रारी आहेत. दोन्ही कंपन्यांनी आरोप नाकारला. आम्ही त्यात निवाडा देत नाही. पण बियाणे, औषधे, ठिबकच्या नळ्या आता मोबाईलवरून मागवल्या जातात. मागवण्यापूर्वी दोन शेजाऱ्यांनी धुऱ्यावर बसून दोन मोबाईलवर तोच माल एकाच वेळी उघडावा आणि भाव ताडून पाहावा. खर्च काही नाही.

आणखी एक हिशेब सांगतो, तो विसरू नका. २०१८ मध्ये केंब्रिज ॲनालिटिका या निवडणुकीचा धंदा करणाऱ्या ब्रिटिश कंपनीचे प्रकरण उघडले. फेसबुकवर एक प्रश्नावलीचे ॲप होते. फेसबुकनेच दिलेला आकडा असा की भारतात ते ॲप उतरवले फक्त ३३५ जणांनी, आणि माहिती गेल्याची शक्यता किती लोकांची? ५ लाख ६२ हजारांची. हे बाकीचे लाखो लोक त्या ३३५ जणांच्या ओळखीचे, एवढाच त्यांचा गुन्हा. तेव्हा 'माझी माहिती, मी देईन नाही तर विकीन' हे म्हणणे निम्मेच खरे. आपण संपर्क यादी देतो तेव्हा साऱ्या पाहुण्यारावळ्यांची नावे देतो.

यावर आमचे काही तरुण मित्र विचारतात, माल आमचा आहे तर त्याला भाव मागू या की! गूगलच्या मालक कंपनीने २०२४ या एका वर्षात ३५० अब्ज डॉलर मिळवले, त्यांतले २६४ अब्ज जाहिरातींचे. मग आमचा वाटा कुठे? प्रश्न आम्हाला आवडतो, पण आमचे मत वेगळे आहे. एकट्या माणसाच्या माहितीला बाजारात चिल्लर भाव येईल. त्याच माहितीवरून एकदा महाग कर्ज गळ्यात पडले तर वर्षाचा कापूस जाईल. बियाण्याची सरकी कोणी गिरणीत घालत नाही. ही वस्तू विकण्यातली नाही, राखण्यातली आहे.

दोन गैरसमज मात्र दूर करायचे आहेत, कारण त्यांच्यापायी माणूस भलतीकडे राखण करतो.

पहिला, 'मोबाईल आपले बोलणे चोरून ऐकतो'. गावोगावी हे ऐकायला मिळते. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात १७ हजारांवर अँड्रॉइड ॲप तपासले, तेव्हा एकाही ॲपने गुपचूप आवाज टिपून पाठवल्याचे आढळले नाही. काही ॲप मोबाईलच्या पडद्याचे चित्र बाहेर पाठवताना सापडले, ते वेगळे. खरे असे आहे की ऐकण्याची गरजच पडत नाही. तुम्ही कुठे होता, काय शोधले, कोणाच्या घरच्या वायफायवर होता, तुमच्यासोबत बसलेल्या मित्राने काय शोधले, एवढ्यावर अंदाज बांधता येतो. म्हणून मोबाईल उशीखाली दाबून बोलणाऱ्यांनी ती मेहनत वाचवावी आणि सेटिंगमध्ये घालवावी.

दुसरा, 'इनकॉग्निटो'. काळा पडदा येतो, टोपी-चष्म्याचे चित्र येते, आणि वाटते आता कोणाला दिसत नाही. त्याने होते एवढेच की तुमच्या मोबाईलवर मागे नोंद राहत नाही; घरातल्यांना दिसत नाही. वेबसाईटला दिसते, मोबाईल कंपनीला तुम्ही कोणत्या वेबसाईटवर गेलात ते दिसते. यावरून अमेरिकेत २०२० मध्ये गूगलवर खटला झाला आणि २०२४ च्या समझोत्यात कंपनीला अब्जावधी नोंदी पुसण्याचे कबूल करावे लागले. घरच्या एकाच मोबाईलवर आपल्या पोरीबाळींना दुखण्याखुपण्याचे काही शोधायचे असेल तर इनकॉग्निटो चांगले आहे. त्यापलीकडे त्याच्यावर विसंबू नका.

फुकटच्या व्हीपीएनचेही तसेच. वाट लपवतो म्हणणाराच आपली सारी वाट पाहत असतो. ज्याला ओळखत नाही, ज्याला पैसे देत नाही, त्याच्या अंगणातून सगळी वाहतूक नेण्यात शहाणपण कसले?

आता करायचे काय. मायबहिणींनो, हे तुम्ही जास्त लक्ष देऊन ऐका, कारण घरातला मोबाईल दिवसभर कोणाच्या हातात असतो ते आम्हाला माहीत आहे.

अँड्रॉइड मोबाईलला एक जाहिरात क्रमांक असतो. बैलाच्या कानातल्या बिल्ल्यासारखा. वेगवेगळी ॲप त्यावरून ओळखतात की हाच तो मोबाईल. सेटिंगमध्ये 'गूगल', त्यात 'ॲड्स' किंवा 'जाहिराती' असे सापडेल. तिथे हा क्रमांक डिलीट करण्याची सोय आहे. करा. मोबाईलचे एकही काम त्याने अडत नाही. जाहिराती बंद होत नाहीत, पण बिल्ला उतरतो.

मग क्रोम उघडा. कोपऱ्यात तीन ठिपके, सेटिंग, तिथे थर्ड-पार्टी कुकी ब्लॉक करायची जागा आहे. गूगलने २०२० मध्ये सांगितले होते की तिऱ्हाइताच्या चिठ्ठ्या आम्हीच बंद करू. तारखा पुढे पुढे गेल्या, जुलै २०२४ मध्ये तो बेत मागे घेतला, आणि एप्रिल २०२५ मध्ये गिऱ्हाइकाला तसे ठळक विचारणारी चौकटही दाखवणार नाही असे जाहीर केले. ज्याची कमाई जाहिरातीवर तो स्वतः होऊन दार लावणार नाही, आपणच लावायचे. फायरफॉक्स आणि ॲपलचा सफारी ही दारे आधीपासून लावून देतात. फायरफॉक्स अँड्रॉइडवर फुकट मिळतो, आणि त्यात 'यूब्लॉक ओरिजिन' नावाचे ॲड-ऑन घालता येते, ते बहुतेक मुनिमांना उंबऱ्याबाहेरच ठेवते. पान लवकर उघडते, शिवाय रिचार्जचा डेटा वाचतो. जाहिरात त्यांची, तिच्यात पाळत त्यांची, आणि ती उतरवून घ्यायला डेटा मात्र आपल्या पैशाचा. हा उफराटा हिशेब आम्हाला सगळ्यांत जास्त डाचतो. शोधण्यासाठी 'डकडकगो' वापरून पाहा. मराठीत कधी कमी सापडते. ज्या गोष्टीत नड उघडी पडते, कर्ज, दुखणे, कोर्टकचेरी, त्या तरी तिथे शोधा, बाजारभाव हवा तर गूगलवर पाहा.

ब्राउझरमध्ये 'डू नॉट ट्रॅक' अशी एक खूण असे. ती नुसती विनंती होती, वेबसाईटींनी ती मानली नाही, आणि फायरफॉक्सने तर ती काढूनच टाकली. धुऱ्यावर 'गुरे घालू नये' अशी पाटी लावून घरी झोपण्यासारखे होते ते. कुंपण घातल्याशिवाय ढोर थांबत नाही.

गूगलच्या खात्यात तुमचे शोध आणि जाणे-येणे साठते. खात्याच्या सेटिंगमध्ये ते थांबवता येते, किंवा तीन महिन्यांनी आपोआप पुसायला लावता येते. तीन महिन्यांचे लावून टाका.

ॲपच्या परवानग्या. टॉर्चच्या ॲपला तुमचे ठिकाण कशाला? हवामानाच्या ॲपला ठिकाण लागते, पण अंदाजे पुरते. अँड्रॉइड बाराव्या आवृत्तीपासून नेमके की अंदाजे हे तुम्ही ठरवू शकता. आणि 'ॲप वापरताना फक्त' हाच पर्याय निवडायचा. महिन्यातून एकदा, अमावस्येला म्हणा, परवानग्यांचे पान उघडून नको ती ॲप काढून टाका. काही ॲप टाळता येत नाहीत. २०२५-२६ च्या हंगामात सीसीआयने हमीभावाच्या कापूस खरेदीसाठी 'कपास किसान' ॲपवर नोंदणी सक्तीची केली. ज्याला हमीभाव पाहिजे त्याला ते घ्यावेच लागले. अशा वेळी ॲप खरे आहे ना हे बघा, व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून उतरवू नका, काम झाले की परवानग्या परत काढून घ्या. सरकार शेतकऱ्याची माहिती कशी गोळा करते हा वेगळा आणि मोठा विषय आहे, त्यावर स्वतंत्र बैठक घेऊ.

सगळ्यांत महत्त्वाचे शेवटी बोलतो, कारण त्याला कोणतेही सेटिंग नाही. तुमचा मोबाईल नंबर. चिठ्ठी पुसता येते, बिल्ला काढता येतो, नंबर वर्षानुवर्षे तोच राहतो, आणि तो बँकेला, आधारला, सोसायटीला जोडलेला असतो. 'मोफत माती परीक्षण, नंबर भरा', 'ट्रॅक्टरवर किती सूट मिळेल ते पाहा, नंबर भरा', 'बक्षीस लागले का तपासा'. या फॉर्मांचा पुष्कळदा धंदाच नंबर विकण्याचा असतो. जिथे नंबर दिल्याशिवाय काम होत नाही तिथेच द्या. कृषी प्रदर्शनातल्या मांडवात रजिस्टर पुढे करतात, तिथे नाव-गाव लिहा, नंबरची जागा कोरी सोडा. कोणी विचारले तर विचारू द्या. आणि पैसे गेलेच तर लाजू नका, त्याच तासाला १९३० या नंबरवर फोन करा. जितका उशीर तितके पैसे हातचे जातात.

हे सगळे करूनही पुरती सुटका होत नाही, हे सांगितले नाही तर ती तुमची फसवणूक होईल. मोबाईलची बनावट, पडद्याचा आकार, भाषा, अक्षरांचे फाँट अशा बारीकसारीक गोष्टी जुळवून चिठ्ठीविनाही मोबाईल ओळखता येतो. पावलांचे ठसे पाहून ढोर कोणाचे ते सांगणारा माणूस गावात असतो ना, तसे. पण ठसे पाहत बसण्याची मेहनत शंभरातल्या सगळ्यांवर कोणी करत नाही. दार उघडे असलेले घर आधी लुटले जाते.

कायद्याचे थोडक्यात. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. खटला गुदरला होता कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांनी. त्यानंतर सहा वर्षांनी, २०२३ मध्ये, संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि मुख्य कलमे लागू करायला आणखी १८ महिन्यांची मुदत दिली गेली. इतकी सवड सोसायटी आपल्याला हप्त्यासाठी कधी देत नाही! कायद्यात दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. संमती मागताना कंपनीने ती मराठीत वाचण्याची सोय दिली पाहिजे. आणि संमती देणे जितके सोपे, तितकेच ती परत घेणे सोपे असले पाहिजे. दंड २५० कोटींपर्यंत आहे. वाईट गोष्ट अशी की सरकार अधिसूचना काढून आपल्याच यंत्रणांना यातून सूट देऊ शकते. सरकारने स्वतःसाठी पळवाट ठेवली नाही असा कायदा आम्ही फारसा पाहिलेला नाही.

कायदा वापरला तर काय होते याचे उदाहरण फ्रान्सचे आहे. तिथे गूगल आणि फेसबुकच्या पानांवर 'सगळे मान्य' हे बटण एका टिचकीत लागायचे आणि नकार द्यायला अनेक टिचक्या माराव्या लागायच्या. तिथल्या माहिती आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये गूगलला १५ कोटी युरो आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड जाहीर केला. हुकूम असा की होकार जितका सोपा तितकाच नकार सोपा करा. आणि बटण आले. आपल्याकडे स्पर्धा आयोगाने व्हॉट्सॲपच्या २०२१ च्या अटींवरून नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटा कंपनीला २१३ कोटी १४ लाखांचा दंड केला. प्रकरण अपिलात गेले. पण 'मान्य करा नाही तर ॲप बंद करा' ही सक्ती चालणार नाही, हा मुद्दा निदान नोंदला गेला. जुन्या अडत्याची भाषा हीच होती, पटले तर घाल नाही तर गाडी फिरव.

म्हणून कुठल्याही पानावर कुकीची चौकट आली की घाईघाईने 'ॲक्सेप्ट ऑल' दाबू नका. 'रिजेक्ट' शोधा. नकाराचे बटण बारीक, फिक्या रंगात, खाली लपवलेले असते. अशा फसव्या रचनांवर केंद्राच्या ग्राहक प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये १३ प्रकार मोजून बंदी घातली आहे. ज्या पानावर नकाराची सोयच नाही, त्याचा फोटो काढून जिल्हा कचेरीत पाठवा. पन्नास-शंभर झाले की त्यांची एकत्र तक्रार करू. एकट्याच्या तक्रारीला पोच मिळते, शंभरांच्या तक्रारीला उत्तर मिळते, हा आपला विजेच्या बिलांपासूनचा अनुभव आहे.

जेवणानंतर कापसाच्या विषयाला तीन वाजता सुरुवात होईल. त्याआधी पलीकडच्या वर्गखोलीत आपली शिकलेली चार पोरे-पोरी बसतील. जाहिरात क्रमांक काढणे आणि तिऱ्हाइताच्या चिठ्ठ्या बंद करणे, दोन्ही मिळून दहा मिनिटांचे काम आहे. मोबाईल त्यांच्या हातात देऊ नका, आपल्याच हातात धरून आपल्याच बोटाने करा. ते फक्त सांगतील. पासवर्ड त्यांनाही सांगायचा नाही. बायांसाठी खिडकीकडची रांग ठेवली आहे. चार्जिंगची सोय एकाच बोर्डावर आहे, तेव्हा ज्यांची बॅटरी उतरली असेल त्यांनी आधी जावे.